एकवीस निळे चौकोन

सरांना मधुमेह असल्याचे ज्या दिवशी कळले, त्या दिवसाची हकीकत त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी ती स्वतः पाहिल्याप्रमाणे लिहू शकतो. दवाखान्यातल्या कंपाउंडरने काचेच्या नळीत निळे औषध घेतले, त्यात लघवीचे काही थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा नारिंगी, आणि शेवटी नळीच्या तळाशी विटेसारखा तांबडा गाळ बसला. कंपाउंडरचा चेहरा पडला. सर मात्र बाकावरून उठले, नळी त्याच्या हातून काढून घेऊन खिडकीपाशी गेले आणि ओरडले, "अहाहा! आवं, काय रंग हाय ह्यो!"

"मास्तर, हा रंग वाईट असतो," कंपाउंडर चाचरत म्हणाला.

"रंग वाईट नसतो गड्या. पुन्यांदा कर बरं. पहिल्यापासनं कर."

त्या बिचाऱ्याला तो सगळा प्रकार पुन्हा करून दाखवावा लागला. "मी बाहेर देवाचं नाव घेत बसले होते," काकू सांगत, "आणि हे आत खेळ बघत होते!"

मी वाईला संस्कृतचा अध्यापक म्हणून रुजू झालो, तेव्हा या गोष्टीला चार-पाच वर्षे होऊन गेली होती. कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर सरांचे दुमजली घर होते. वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला. ही नव्वदीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. सर चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. ते मूळचे जतकडचे. त्या कोरड्या माळावर लहानपण गेल्यामुळे असेल, रंग दिसला की ते तहानलेल्यासारखे त्याच्याकडे धावत. शाळेत तीस वर्षे आपण शुद्ध बोलून काढली, असे ते अभिमानाने सांगत. निवृत्तीनंतर मात्र आनंद झाला की गावाकडची बोली आपोआप बाहेर पडे. आणि आनंद त्यांना दिवसातून किमान पाच वेळा होत असे. मी स्वभावाने संकोची. चार माणसांत बोलायचे झाले तर वाक्य मनात तीनदा घोळवून मग गप्प राहणारा. अशा माणसाला असा घरमालक मिळावा, हा एक योगच म्हणायचा.

रक्तातली साखर तपासण्याचे यंत्र तेव्हा घरोघरी पोचलेले नव्हते. निदान आमच्या आळीत तरी नव्हते. एका छोट्या डबीत पट्ट्या मिळत. बोटाला सुई टोचून पट्टीच्या टोकावरच्या चौकोनी तुकड्यावर रक्ताचा थेंब सोडायचा, घड्याळ लावून एक मिनिट थांबायचे, कापसाने रक्त पुसून घ्यायचे आणि आणखी एक मिनिट थांबायचे. मग त्या तुकड्यावर रंग उमटे. साखर कमी असली तर दुधट, जरा वाढली तर आकाशी, आणखी वाढली तर निळा, आणि फारच झाली तर काळपट निळा. डबीवर रंगांचा एक तक्ता छापलेला असे. त्याच्याशी रंग ताडून आकडा ठरवायचा. इतर मधुमेही ही दोन मिनिटे धास्तीने काढत. सर मात्र नाटकाच्या तिसऱ्या घंटेची वाट पाहावी तशी ती काढत.

रोज सकाळी सात वाजता ते ओट्यावर पाट टाकून उत्तरेकडे तोंड करून बसत. "रंग बघायचा तर उत्तरेच्या उजेडात. बल्बाखाली रंग बाटतो," हे त्यांचे एक ठरलेले वाक्य. बोटांच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. अंगठ्यांना सूट होती, कारण अंगठा ब्रश धरतो. सुई टोचण्यापूर्वी ते त्या बोटाला म्हणत, "माफ कर गड्या, आज तुझा नंबर." रंग उमटला की डावा डोळा घट्ट मिटून उजव्या डोळ्याने पट्टी न्याहाळत. दोन्ही डोळ्यांनी पाहा, असे मी एकदा धीर करून सुचवले, तर म्हणाले, "प्राध्यापक, दोन डोळ्यांनी बघतं ते गिऱ्हाईक. चित्रकार एकाच डोळ्यानं बघतो!" आणि मग सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात आकडा जाहीर होई.

"एकशे अडतीस!"

भाजीची पाटी घेऊन जाणारी बाई थांबून विचारी, "काल लई व्हती की वो मास्तर?"

"काल शेजारी बारसं व्हतं!"

"मग आज काय वर्ज्य?"

"आज फक्त वाटाणा. बाकीचं तोलून दे, आणि माझ्याकडं बघून हसू नगंस."

पट्ट्या महाग होत्या, आणि दर वेळी वाईत मिळतच असे नाही. साताऱ्याहून, कधी पुण्याहून मागवाव्या लागत. म्हणून सर प्रत्येक पट्टी उभी चिरून दोन करत. जुन्या ब्लेडने, पोलादी पट्टी लावून, श्वास रोखून. रंग वाचायला तेवढी रुंदी पुष्कळ झाली, असे त्यांचे म्हणणे. आणि तसे पुष्कळ लोक तेव्हा करतही. सरांचे वेगळेपण एवढेच की त्यांनी एकदा एका पट्टीच्या तीन पट्ट्या केल्या. दोरीवरून चालून दाखवणाऱ्याच्या आवेशात ते मला ती करामत दाखवायला वर घेऊन आले होते.

एका हिवाळ्यात त्यांच्या भावाने गावाकडून पोतेभर हुरड्याची कणसे पाठवली. हुरडा खाऊ नका, असे डॉक्टर म्हणाले होते. सर म्हणाले, "नको म्हनायला पुरावा पायजे." रविवारी त्यांनी पसाभर हुरडा खाल्ला आणि दर अर्ध्या तासाने बोट टोचत दुपारपर्यंत बसले. प्रत्येक पट्टीचा रंग त्यांनी चित्राच्या जाड कागदावर जसाच्या तसा उतरवला. वेळ आडवी, साखर उभी, आणि मधून डोंगरासारखी चढत-उतरत गेलेली निळ्या ठिपक्यांची रांग. माथ्यावरचा ठिपका जवळजवळ काळा होता. त्याखाली "हुरडा दोषी" असे लिहून त्यांनी ते चित्र चौकटीत बसवले आणि बैठकीत टांगले.

काकू पाहुण्यांना सांगत, "लोकांच्या बैठकीत देवाची तसबीर असते. आमच्याकडे ह्यांच्या रक्ताची आहे."

तक्त्याची कल्पनाही त्यातूनच निघाली. डबीवरच्या छापील तक्त्यात ऐंशीनंतर एकदम एकशे वीस, एकशे वीसनंतर एकशे ऐंशी, अशा उड्या होत्या. सरांना ते सहन होईना. "एकशे वीस ते एकशे ऐंशी! मधल्या मानसानं काय करायचं? लोंबकळायचं?" मग ते पाच-सहा महिने दर पंधरा दिवसांनी एसटीने साताऱ्याला जात. तिथल्या प्रयोगशाळेत रक्त देत, त्याच वेळी पट्टी करत, आणि प्रयोगशाळेचा आकडा हाती आला की त्या पट्टीचा रंग कालवून त्यावर तो आकडा घालत. असे एकवीस चौकोन त्यांनी रंगवले, फिकट दुधटापासून काळपट निळ्यापर्यंत. एका चौकोनातून दुसऱ्यात जाताना रंग कुठे बदलला, हे सांगता येऊ नये इतके नाजूक काम होते. त्यांनी तक्त्याची छोटी प्रत काढून डबीच्या छापील तक्त्यावर चिकटवूनही टाकली, म्हणजे ते 'छापखान्याचं पाप' डोळ्यांसमोर नको.

त्या दिवशी मला बोलावून ते म्हणाले, "प्राध्यापक, तुमच्या संस्कृतात निळ्याला शब्द किती?"

मी नेहमीप्रमाणे अडखळत चार-पाच सांगितले.

"बास? आणि माझ्यापाशी एकवीस हायत!"

इथपर्यंत सगळा आनंदच होता. आता जे सांगायचे आहे ते सांगताना माझा मलाच संकोच होतो, पण त्याशिवाय सर पुरे होणार नाहीत.

लग्नानंतर आठ वर्षांनी माझ्या पत्नीला दिवस राहिले आणि पाचव्या महिन्यात तिच्या रक्तात साखर निघाली. साताऱ्याच्या डॉक्टरीणबाई अनुभवी होत्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी इन्शुलीन सुरू केले. साखर रोज दोनदा तपासायची, आकडा वहीत लिहायचा, आणि आकड्याप्रमाणे इन्शुलीन कमी-जास्त करायचे. साखर सतत जास्त राहिली तर बाळाच्या जिवाला धोका आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

सरांना मात्र कोण उत्साह! "वैनी, भिऊ नका. आता आपण दोघं एका वर्गात!" त्यांनी तिच्या बोटांच्या पाळ्या ठरवल्या, तिच्यासाठी पट्ट्या चिरल्या, इन्शुलीनची बाटली काकूंच्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीमागे ठेवली. सकाळी उपाशीपोटी आणि दुपारी जेवणानंतर पत्नी ओट्यावर येई, सर डावा डोळा मिटून पट्टी पाहत आणि आकडा सांगत. पंधरा दिवसांनी साताऱ्याच्या प्रयोगशाळेत पाहिले तर वहीतला आकडा आणि तिथला आकडा जवळजवळ सारखा. डॉक्टरीणबाई खूश. सर तर इतके खूश झाले की परतीच्या एसटीत त्यांनी कंडक्टरलाही आकडा सांगितला.

सातव्या महिन्यात सर तीन आठवड्यांसाठी गावी गेले. गावच्या शाळेच्या भिंती रंगवून देण्याचे त्यांनी कबूल केले होते. जाताना तक्ता आमच्या खिडकीत टाचून दिला. "वैनी, आता तुमी वाचायचं. नजर चांगली हाय तुमची. उत्तरेचा उजेड तेवढा सोडू नका."

ती नेमाने वाचू लागली. एकशे दहा, एकशे पंधरा, एकशे वीस. आकडे उत्तम येत होते. तिचा चेहराही खुलला होता. सरांशिवाय आपल्याला जमते आहे, याचे तिला मनापासून अप्रूप वाटत होते. तिसऱ्या आठवड्यात आम्ही साताऱ्याला गेलो. प्रयोगशाळेचा कागद आला. एकशे शहात्तर. त्या सकाळची वही म्हणत होती, एकशे अठरा.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, वही पाहिली, आणि वही मिटून टेबलावर ठेवली. "हे बघा, मी रागावणार नाही. पण खरं सांगा. काय खाता चोरून?"

"काही नाही," पत्नी म्हणाली.

"मग ही वही खोटी आहे. आठ वर्षांनी मूल होतंय, आणि तुम्हाला जीभ आवरत नाही? तुम्ही फसवता कोणाला, मला की पोटातल्या बाळाला?"

पत्नी माझ्याकडे पाहत होती. मी बोलायला हवे होते. माझ्या मनात वाक्य तयारही होते. अगदी सविभक्तिक, निर्दोष वाक्य होते. ते मी तीनदा घोळवले आणि गप्प राहिलो.

एसटीत तिने विचारले, "तुम्हाला काय वाटतं?"

"कशाचं?" मी म्हणालो.

त्यानंतर ती वाईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली.

संध्याकाळी ती खाली काकूंकडे गेलेली असताना मी स्वयंपाकघरात गेलो. सांगलीहून तिच्या आईने पाठवलेली बेदाण्यांची बरणी फडताळात वरच्या कप्प्यावर होती. मी ती खाली घेतली आणि झाकण उघडले. झाकणाखालचा कागदसुद्धा फाटलेला नव्हता. बरणी काठोकाठ भरलेली होती. मागे वळून पाहिले तर ती दारात उभी.

"मोजून ठेवा," ती म्हणाली. "पुढच्या वेळी पुरावा लागेल."

मी तिची क्षमा मागितली नाही. तेही वाक्य मी घोळवतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर जतहून परतले. काकूंनी त्यांना पिशवी खाली ठेवू देण्याआधीच सगळे सांगितले असावे, कारण दोन-दोन पायऱ्या चढत ते वर आले. पायांत चपला तशाच होत्या, आणि हाताला कोपरापर्यंत हिरवा रंग लागलेला होता.

"वैनी! त्या बाईंनी तुमाला खोटं पाडलं म्हनं?"

पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले.

"आवं, वैनी चोरून खाणाऱ्या न्हाईत, प्राध्यापक! खायचं असतं तर तुमच्या म्होरं बसून खाल्लं असतं, आणि वर तुमालाच वाटी विसळायला लावली असती. हे तुमाला ठावं न्हाई? आठ वर्षं काय केलंत?"

मी मान खाली घातली.

"मंजी वही खरी हाय, आणि लॅबचा कागद बी खरा हाय," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. रागाच्या जागी तोच जुना उत्साह आला. "दोन्ही खरं, आणि दोन्ही येगळं! मंजी मधी कुनीतरी तिसरा हाय. त्यो धराय पायजे." काकू मागोमाग वर आल्या होत्या. "अगं, इन्शुलीन आण! पट्ट्यांची डबी आण!"

पुढचा तासभर आमच्या खोलीत चौकशी चालली. इन्शुलीनच्या बाटलीवरची मुदत पाहिली. शिल्लक होती. फ्रीज बंद पडला होता का? काकू म्हणाल्या, "फ्रीज नाही, तुमचं डोकं बंद पडलंय, चहा घ्या आधी." पट्ट्या जुन्या होत्या का? नव्हत्या. घड्याळ मागे पडत होते का? सरांनी रेडिओवर लावून पाहिले. बरोबर होते. मग त्यांनी पत्नीला पट्टी करायला सांगितली. दोन मिनिटांनी ती तक्त्याशी धरून म्हणाली, "एकशे वीस."

सरांनी डावा डोळा मिटला आणि वाकून पाहिले. "एकशे सत्तर!"

दोघेही एकाच पट्टीकडे, एकाच तक्त्याकडे पाहत होते.

"सर, नीट बघा ना. हा एकशे सत्तरचा चौकोन केवढा निळा आहे. पट्टी एवढी कुठे निळी आहे?"

"सारखी तर हाय!"

सरांनी डबी हातात घेतली. तिच्यावर स्वतःच चिकटवलेला कागद नखाने ओरबाडून काढला. खालचा छापील तक्ता बाहेर आला. पट्टी त्याच्या शेजारी धरली, तेव्हा पत्नी म्हणाली, "एकशे ऐंशीच्या जरा अलीकडे."

"अगं, तू बघ. ह्यो छापील एकशे ऐंशी आणि ह्यो माझा एकशे ऐंशी. सारखं हाय का न्हाई?"

"तुमचा नीळ घातल्यासारखा आहे," काकू म्हणाल्या. "धोब्याकडून आल्यासारखा."

"प्राध्यापक?"

मी आयुष्यात पहिल्यांदा वाक्य न घोळवता बोललो. "तुमचा जास्त निळा आहे, सर."

सर खिडकीपाशी गेले. तक्ता डोळ्यांसमोर धरला. आणि मग, मला वाटते कित्येक वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी उजवा डोळा मिटला आणि डाव्याने पाहिले. पुन्हा उजव्याने पाहिले. पुन्हा डाव्याने. आकाशाकडे पाहिले, माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिले, स्वतःच्या हिरव्या हाताकडे पाहिले. एकेका डोळ्याची उघडझाप करत ते खोलीभर फिरले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते दुःख नव्हते, हे मी शपथेवर सांगू शकतो.

"सापडला!" ते ओरडले. "चोर सापडला, वैनी! ह्यो बघा, ह्यो!" आणि ते आपल्याच उजव्या डोळ्याकडे बोट दाखवू लागले. "ह्या डोळ्यानं प्राध्यापकाचा सदरा चहात बुडवल्यासारखा दिसतोय, आणि ह्या डोळ्यानं धुतल्यासारखा! मोतीबिंदू आला की वो मला! आणि मी ह्याच्यावर इश्वास ठेवून रंग कालवीत बसलो!"

मग आम्हा सगळ्यांना ते उमगले. त्या पिवळ्या पडलेल्या डोळ्याला रंगपेटीतला निळा पट्टीवरच्या निळ्यापेक्षा मंद दिसे, म्हणून सर तक्ता रंगवताना तो जास्त घालत गेले. पण वाचायलाही तोच डोळा असल्यामुळे त्यांचे आकडे बरोबर येत. एक पाय आखूड असलेल्या माणसाने आडव्या उतारावर सरळ चालावे, तसे. तक्ता फक्त सरांच्या त्या एका डोळ्यासाठी खरा होता. चांगल्या नजरेच्या माणसाला तो फसवत होता, आणि तिची नजर उत्तम होती, म्हणून ती फसली.

सर पाटावर बसले. आता कुठे त्यांचा आवाज खाली आला. "वैनी, तीन आठवडं पोरानं जादा साखर खाल्ली ती माझ्या हातची. तुमाला बोल लागला त्यो बी माझाच."

"तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, सर," पत्नी म्हणाली. 'तुम्ही' या शब्दावर तिने जोर दिला नव्हता. तरी तो मला लागला.

त्याच दिवशी आम्ही चौघे साताऱ्याला गेलो. दवाखान्यात शिरताच सरांनी डबी, तक्ता आणि पट्टी टेबलावर मांडली आणि वर्गात शिकवावे तसे सगळे समजावून दिले. मध्ये एकदा त्यांनी डॉक्टरीणबाईंनाही एक डोळा मिटायला लावला. बाईंनी स्वतःच्या यंत्रावर पत्नीची साखर पाहिली, पट्टी पाहिली, इन्शुलीन वाढवून दिले. मग चष्मा काढून म्हणाल्या, "काल मी बोलले ते चुकलं. तपासायच्या आधी बोलायला नको होतं."

मी आधीच उभा राहिलो होतो. "काल मीही बोलायला हवं होतं," मी म्हणालो. "ती खोटं लिहीत नाही. हे मला माहीत होतं, आणि मी बोललो नाही." वाक्य काही चांगले झाले नव्हते. पण पत्नीने पदर सारखा केला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि बाईंना म्हणाली, "पुढची तारीख सांगा."

बाहेर आल्यावर सर दवाखान्याच्या पायरीवर थांबले. एकेका डोळ्याने अजिंक्यताऱ्याकडे पाहत काकूंना म्हणाले, "ऑपरेशन करायच्या आधी ह्यो डोंगर दोनदा रंगवतो. एकदा चोराच्या डोळ्यानं, एकदा सावाच्या. असा योग परत येत न्हाई!" काकू म्हणाल्या, "आधी एसटी येतेय ती बघा. कोणत्याही डोळ्यानं." सरांनी ती दोन्ही चित्रे खरोखरच काढली. चहात बुडवलेला डोंगर मला जास्त आवडे. पण हे मी त्यांना सांगितले नाही.

पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून नवव्या महिन्यात पत्नी सांगलीला गेली. सरांच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन मिरजेला करायचे ठरले होते, आणि ते दोन्ही योग जवळजवळ जुळून आले. मुलगी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर दवाखान्यात हजर झाले. काळा चष्मा, त्याखाली डोळ्यावर हिरवी पट्टी, एका हातात काकूंचा हात. येता येता वॉर्डातल्या प्रत्येक बाईला त्यांनी नमस्कार केला होता, असे काकूंनी मागाहून सांगितले.

आईला साखर असली की बाळाची साखर एकदम खाली जाण्याची भीती असते. म्हणून सिस्टरने येऊन बाळाच्या टाचेला सुई टोचली. बाळ कळवळून रडले. एवढ्याशा टाचेवर एवढासा थेंब. सिस्टरने तो पट्टीवर घेतला, घड्याळ पाहिले, पुसला, पुन्हा घड्याळ पाहिले. मग डबी वर धरून ती घुटमळली. खोलीतला दिवा पिवळा होता. "चाळीस म्हणू की ऐंशी? मधलंच काहीतरी दिसतंय," ती पुटपुटली. चाळीस असती तर बाळाला लगेच सलाईन लावावे लागले असते.

काळ्या चष्म्याआड सर जागच्या जागी नाचत होते. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले होते. सुटले असते तर त्यांनी पट्टी हिसकावली असती. "मी न्हाई," ते स्वतःलाच बजावत होते, "मी न्हाई. सिस्टर, वैनींना द्या. आवं, त्यांना द्या!"

पत्नी उशीला टेकून बसली. तिने पट्टी आणि डबी घेतली, खिडकीकडे वळली आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले. घाई केली नाही. बाळ रडत होते, सरांचा श्वास ऐकू येत होता.

"साठ," ती म्हणाली.

सिस्टरने कागदावर साठ लिहिले आणि म्हणाली, "मग ठीक आहे. पाजायला घ्या."

पट्टी आणि डबी पत्नीने माझ्या हातात दिली, कारण तिला बाळ घ्यायचे होते. खिडकी शेजारीच होती, उजेड चांगला होता. मी पट्टी कापसात गुंडाळली आणि न पाहता टोपलीत टाकली.